लंबगोल चेंडू आणि आपली मुलं

पावसाळा आला की शहरातल्या प्रत्येक गृहिणीपुढं दोन प्रश्न उभे राहतात. ओले कपडे कुठं वाळत घालायचे आणि घरात कोंडलेली मुलं कुठं सोडायची! पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण कसंबसं शोधतो. स्वयंपाकघरात दोरी बांधतो, पंखा लावतो, इस्त्री फिरवतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजकाल मोबाईलनं परस्पर देऊन टाकलंय. मूल कोपऱ्यात बसतं, आवाज नाही की पसारा नाही. आपल्याला वाटतं, चला, सुटलो! पण खरंच सुटलो का? संध्याकाळी तेच मूल चिडचिडं होतं, जेवताना ताटात चिवडत बसतं आणि रात्री अकरापर्यंत झोपत नाही.

आज मी अशा एका खेळाबद्दल लिहिणार आहे, जो भर पावसात आणि चिखलात आणखीच रंगतो. खेळाचं नाव रग्बी. नाव वाचून पान उलटू नका हं! "तो धसमुसळ्या साहेबांचा खेळ? त्यात आमची मुलं?" असं तुमच्या मनात आलं असणार. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण गेल्या काही महिन्यांत दोन-तीन भगिनींनी पत्रातून विचारलं आहे, की गावातल्या क्लबात रग्बी शिकवायला लागलेत, मुलगा जातो म्हणतो, मुलगीही हट्ट करते, पाठवू की नको? अशा प्रश्नाला नुसतं "पाठवा" किंवा "नको" म्हणून भागत नाही. आधी समजून घ्यायला हवं.

मी काही खेळाडू नव्हे. घर सांभाळून अर्धवेळ शिकवणारी बाई मी. पण आमच्या शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी एका स्थानिक क्लबाची मंडळी मुलांना हा खेळ शिकवतात आणि माझी धाकटी त्यात आहे. तेव्हा आई म्हणून जे जे प्रश्न पडले ते मी विचारत गेले. त्यातून जमलेली ही शिदोरी.

कबड्डी माहीत आहे ना? मग निम्मं समजलं!

रग्बीचा चेंडू गोल नसतो, लंबगोल असतो. आमच्या सासूबाई त्याला 'पपई' म्हणतात आणि ते अगदी चपखल आहे. हा चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्या संघाची शेवटची रेघ ओलांडायची आणि तिथं तो जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात, त्याचे ५ गुण. त्यानंतर चेंडू लाथेनं खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून मारला तर आणखी २ गुण.

गंमत पुढंच आहे. हातातला चेंडू सहकाऱ्याला द्यायचा तर तो मागे किंवा बाजूलाच फेकता येतो, पुढे फेकता येत नाही. म्हणजे पुढं जायचं असेल तर मागं वळून आपल्या माणसांकडं बघावंच लागतं! एकटा हिरो होऊन हा खेळ जिंकता येत नाही.

ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला विरुद्ध संघानं धरून पाडायचं, हा झाला 'टॅकल'. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड होते, तसंच. जिच्या पकडीत घोट्याला किंवा कमरेला हात घालायची सवय आहे, ती मुलगी रग्बीत पटकन रुळते. आपल्याकडची कबड्डी आणि खोखो खेळलेली मुलं म्हणूनच या खेळात उपरी वाटत नाहीत.

मूळ खेळात एका बाजूला १५ जण असतात आणि सामना ८० मिनिटांचा. त्याचीच छोटी बहीण म्हणजे 'सेव्हन्स', ७ जणांची. यात ७-७ मिनिटांचे दोन डाव, आपला चहा उकळेपर्यंत एक डाव आटोपतो! ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून हाच प्रकार आहे, पुरुषांचाही आणि महिलांचाही. त्या वर्षी फिजी या चिमुकल्या देशानं पुरुषांचं सुवर्णपदक जिंकलं आणि ते त्या देशाचं पहिलंच ऑलिम्पिक पदक होतं.

आणखी एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवण्याजोगी. या खेळात सगळ्या अंगकाठीच्या मुलांना जागा असते. वजनदार, भरभक्कम मुलं पुढच्या फळीत लागतात. चपळ आणि बुटकी मुलं चेंडू उचलून पुरवायला लागतात. काटक्या पायांची, वाऱ्यासारखी पळणारी मुलं कडेला उभी करतात. वर्गात ज्याला सगळे 'ढोल्या' म्हणून चिडवतात, त्याला इथं सर हाक मारून पुढं बोलावतात. त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलंय, म्हणून सांगते.

चांदीच्या रुपयांचा चषक

हा खेळ इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या गावच्या शाळेत जन्मला. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्यानं फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातातच उचलला आणि पळत सुटला, अशी एक आख्यायिका आहे. खरं-खोटं देव जाणे, पण जागतिक करंडकाला नाव त्याचंच आहे. शाळेतल्या मुलांनी १८४५ मध्ये नियम लिहून काढले, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे.

आणि आपला त्याच्याशी संबंध? तर ऐका. कलकत्त्याला १८७२ च्या नाताळात इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि लगेच पुढच्या वर्षी क्लब काढला. पण तिथला उकाडा, त्यात पोलो आणि टेनिसची चलती, यामुळं क्लब बंद पडला. तेव्हा क्लबाच्या बँकेतल्या शिलकीचे चांदीचे रुपये काढून, वितळवून एक चषक घडवला. त्याला नागांच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती! हा 'कलकत्ता कप' इंग्लंडला पाठवला गेला आणि १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी एकमेकांशी झुंजतात. आपल्या देशातल्या चांदीच्या नाण्यांचा तो चषक. पाहिलंत ना, खेळ वाटतो तितका परका नाही.

मुंबईतही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ फार जुना. पण तो बरीच वर्षं मोजक्या क्लबांपुरता आणि मोजक्या लोकांपुरता राहिला. तो गल्लीबोळातल्या, चहाच्या मळ्यातल्या, आश्रमशाळेतल्या मुलांपर्यंत गेला तो अलीकडे, आणि तोही स्थानिक क्लबांमुळं.

क्लबांनी केलेली किमया

कलकत्त्यात २००४ मध्ये पॉल वॉल्श या इंग्रज गृहस्थांनी 'जंगल क्रोज' नावाचा क्लब सुरू केला. मैदानात ज्या मुलांना बाहेरूनच खेळ पाहावा लागायचा, त्यांनाच त्यांनी आत बोलावलं. पुढं 'खेलो रग्बी' नावानं हे काम वस्त्यावस्त्यांतून पसरलं. उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूर या चहामळ्याच्या गावी २०१३ च्या सुमारास हा चेंडू पोहोचला. मळ्यात पानं खुडणाऱ्या कुटुंबांतल्या मुली अनवाणी पळायला लागल्या आणि त्यातल्या काही जणींनी पुढं थेट भारताचा पोशाख घातला.

ओडिशात भुवनेश्वरच्या 'कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस'मधल्या आदिवासी मुलांच्या संघानं २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालील शालेय स्पर्धाच जिंकली! त्यावर 'जंगल क्राय' नावाचा चित्रपटही निघाला.

आणि मुलींची गोष्ट? जून २०१९ मध्ये मनिला इथं भारताच्या महिला संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. १५ जणींच्या सामन्यातला भारताच्या महिलांचा तो पहिला विजय. त्या संघाची कर्णधार आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा, आणि ती शिकलेली फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे खेळ खेळला की शिक्षण बुडतं, हे काही खरं नव्हे. त्याच वर्षी 'स्क्रमक्वीन्स' या महिला रग्बीला वाहिलेल्या संस्थेनं जगातली वर्षाची उदयोन्मुख खेळाडू म्हणून निवडली ती बिहारमधल्या बाढ गावची स्वीटी कुमारी. तिची आई अंगणवाडीत काम करणारी. ही मुलगी आधी नुसतीच धावायची, मग या खेळाकडं वळली.

ही नावं मी तुमच्यासमोर मांडते आहे, ती तुमच्या मुलीनं भारताकडून खेळावं म्हणून नव्हे. शंभरातल्या नव्याण्णव मुली तिथवर जाणार नाहीत, आणि न गेल्या तर काही बिघडत नाही. सांगायचं एवढंच, की या सगळ्यांची सुरुवात मोठ्या स्टेडियममध्ये झाली नाही. कुणीतरी एका सरांनी किंवा ताईंनी गावातल्या मैदानावर एक चेंडू आणला आणि कुणातरी आईनं "जा" म्हटलं, तिथून झाली.

सुरुवात पाडापाडीनं होत नाही

आता मुख्य भीतीकडं येऊ. लहान मुलांना पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या अंगावर सोडतात, असा आपला समज असतो. चांगल्या क्लबात तसं मुळीच करत नाहीत.

इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी गावोगावच्या क्लबांत लहान मुलांचा रग्बी चालतो. शिकवणारे बहुतेक मुलांचेच आईवडील, आणि चहा-खाऊची जबाबदारीही त्यांचीच. तिथं ७ आणि ८ वर्षांखालच्या गटात पाडायला बंदीच असते. मुलं 'टॅग रग्बी' खेळतात. कमरेला पट्टा, त्याला दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या दोन फिती. समोरच्यानं तुमची फीत ओढून काढली की झाला टॅकल! अंगाला हात लावायचा नाही. ९ वर्षांखालच्या गटापासून पाडणं शिकवायला लागतात, तेही पायरीपायरीनं. चेंडूसुद्धा वयाप्रमाणं लहान-मोठा. अगदी लहानांना ३ नंबरचा, १० ते १४ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा आणि १५ च्या पुढं मोठ्यांचा ५ नंबरचा. आणि ११ वर्षांखालच्या गटापर्यंत मुलं-मुली एकत्र खेळतात, त्यानंतर मुलींचे संघ वेगळे.

आपल्याकडंही शाळेत किंवा क्लबात सुरुवात अशाच टॅग रग्बीनं करतात. हा खेळ तुम्ही सोसायटीच्या आवारातही लावून देऊ शकता. फितींसाठी बाजारात जायची गरज नाही. जुन्या साडीचे काठ काढा, वीतभरापेक्षा थोडे लांब तुकडे करा आणि प्रत्येक मुलाच्या विजारीच्या इलॅस्टिकमध्ये दोन्ही कुशींना एकेक खोचा. एका बाजूला लाल काठ, दुसऱ्या बाजूला हिरवे, की झाले दोन संघ! काठ बांधायचा मात्र नाही, नुसता खोचायचा. बांधला तर ओढताना मूल पडेल. आमच्याकडं एका जुन्या इरकलीच्या काठावर पूर्ण संघ उभा राहिला.

"वयात आली, आता पुरे"

मुलगी दहा-अकरा वर्षांची असेपर्यंत आपण खेळू देतो. बारा-तेराची झाली की घरातून सूर निघतो, "आता पुरे झालं हे हुंदडणं." रंग काळवंडतो, गुडघे फुटतात, लग्नात अडचण येईल, लोक काय म्हणतील! नेमकं ज्या वयात शरीर बदलतं, मन कावरंबावरं होतं, त्याच वयात आपण तिचं मैदान काढून घेतो.

आमच्या शेजारच्या वहिनींचीच गोष्ट सांगते. त्यांची लेक आठवीत. दोन वर्षं टॅग रग्बी खेळली, छान रमली. या वर्षी तिच्या गटाला टॅकल शिकवायचं ठरलं आणि क्लबानं पालकांच्या सहीचा कागद घरी पाठवला. वहिनींनी सही करायचं साफ नाकारलं. पोरीनं अबोला धरला, जेवणावर राग काढला. वडील म्हणाले, "तूच ठरव." सासूबाई म्हणाल्या, "हात-पाय मोडला तर निस्तरायचं कुणी?" वहिनी माझ्याकडं येऊन रडल्या. म्हणाल्या, "मला तिचा आनंद दिसतो हो, पण मला रात्री झोप लागत नाही त्याचं काय करू?"

मी त्यांना एवढंच म्हटलं, की सही करू नका, पण नाहीही म्हणू नका. आधी दोन शनिवार मैदानावर येऊन बसा.

त्या आल्या. पाहिलं तर मुली आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळूहळू पळत पकड शिकत होत्या. डोकं कुठं ठेवायचं, पडताना हात कसे घ्यायचे, हे शिकवणाऱ्या ताई प्रत्येकीला धरून दाखवत होत्या. वहिनींनी सगळे प्रश्न विचारले. शेवटी असं ठरलं, की या हंगामात लेकीनं सरावात टॅकल शिकायचं, पण सामने टॅगचेच खेळायचे. दिवाळीनंतर पुन्हा बोलायचं. लेक पूर्ण खूश नाही, आई पूर्ण निश्चिंत नाही. पण दोघी बोलायला लागल्या आहेत आणि पोरीचं मैदान सुटलेलं नाही. मला वाटतं, पुष्कळ घरांत असाच मधला रस्ता निघू शकतो.

पोशाखाची अडचण असेल तर तीही सांगते. आखूड चड्डीच्या आत घोट्यापर्यंतची घट्ट विजार घालायला नियमांची परवानगी आहे. तेव्हा "कपड्यांमुळं नको" हे कारण उरत नाही. पाळीच्या दिवसांत मुलीला बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही, बरं वाटत नसेल तर बसू द्यावं. तिच्या पिशवीत एक जादा जोड आणि पॅड कायम असू द्या, न सांगता.

लागतं का? लागतं.

खोटं कशाला सांगू? रग्बीत लागतं. सर्वांत जास्त दुखापती टॅकलच्या वेळीच होतात, पाडणाऱ्यालाही आणि पडणाऱ्यालाही. खरचटणं, मुरगळणं, बोट सुजणं हे चालायचंच. पण एका दुखापतीबद्दल मी हात जोडून सांगते, तिच्याकडं कधीही दुर्लक्ष करू नका. ती म्हणजे डोक्याचा मार, ज्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात.

डोक्याला मार लागला की शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. मूल उभं असतं, बोलतं, पण गोंधळलेलं असतं. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, उजेड सहन होत नाही, तोच प्रश्न परत परत विचारतं, किंवा नुसतंच "बरं वाटत नाही" म्हणतं. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. "काही नाही होत, ऊठ, वाघ आहेस ना!" असं म्हणणारा कोच असेल तर त्याच्यापासून मूल लांब ठेवा. शंका आली की बाहेर बसवायचं, हा जगभरचा नियम आहे.

इंग्लंड-स्कॉटलंडकडं २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, ती आपणही पाळण्यासारखी आहेत. पहिले २४ तास घरी विश्रांती, अभ्यासाचा ताण नाही, मोबाईल-टीव्ही अगदी कमी, आणि मुलाला एकटं ठेवायचं नाही. त्यानंतर हळूहळू शाळा, मग हलका व्यायाम. सामन्यात परतायचं ते लवकरात लवकर २१ दिवसांनी, तेही आधीचे सलग १४ दिवस काही त्रास नसेल तरच. परीक्षा असो की अंतिम सामना असो, यात सूट नाही.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा, मान दुखणं, शुद्ध जाणं, यातलं काही झालं तर घरी न नेता थेट रुग्णालयात न्यायचं. मान दुखत असेल तर मुलाला उचलून उभं करू नका, जाणकार माणूस येईपर्यंत आहे तसंच राहू द्या.

खेळ चालवणारी मंडळीही गप्प बसलेली नाहीत. इंग्लंडमध्ये हौशी रग्बीत २०२३ च्या हंगामापासून टॅकलची उंची कमी केली, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर पकडायचं नाही. डोक्याला डोकं आपटू नये म्हणून.

मुरगळलं तर? आपली जुनी सवय म्हणजे तेल लावून चोळायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळू नका, सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं धरा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टर.

क्लबात नाव घालण्यापूर्वी विचारा

भाजी घेताना आपण दहा वेळा उलटून-पालटून पाहतो. मग मूल सोपवताना का संकोचायचं? एका कागदावर हे प्रश्न लिहून न्या.

१. मुलांचे गट वयानुसार आणि अंगकाठीनुसार केले आहेत का? सहावीतल्या काडीपैलवानाला दहावीतल्या गड्यासमोर उभं करत नाहीत ना?

२. टॅकल कधी आणि कसं शिकवणार? पालकांची संमती घेणार का? नको म्हटलं तर मूल टॅग खेळत राहू शकेल का?

३. प्रथमोपचाराची पेटी आणि तो जाणणारं माणूस प्रत्येक सरावाला असतं का? जवळचं रुग्णालय कुठलं? (रग्बीच्या जागतिक संघटनेचे प्रथमोपचार आणि डोक्याच्या माराविषयीचे पाठ इंटरनेटवर फुकट आहेत. शिकवणाऱ्यांनी ते पुरे केले आहेत का, हेही विचारा.)

४. मुली असतील तर एखादी बाई शिकवायला किंवा देखरेखीला असते का? कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का?

५. सराव आईवडिलांना पाहता येतो का? "पालकांनी थांबू नये" म्हणणाऱ्या ठिकाणी मी तरी माझं मूल ठेवणार नाही. शिकवणाऱ्यानं मुलांशी परस्पर, खाजगी निरोपानिरोपी करू नये, सर्व सूचना पालकांच्या गटावर याव्यात, हेही स्पष्ट ठरवून घ्या.

६. बाहेरगावी सामन्यांना कोण नेणार, राहणार कुठं, खर्च किती?

या प्रश्नांना जो हसतमुखानं उत्तरं देतो, तो क्लब बहुधा चांगला. जो कंटाळतो, तिथून परत या.

पिशवी, डबा आणि चिखल

या खेळाला सामान फार लागत नाही. ना बॅट, ना पॅड. एका चेंडूवर अख्खा वर्ग खेळतो. सुरुवातीला जुना टी-शर्ट, चड्डी आणि घरातलेच बूट चालतात. पुढं खिळ्यांचे बूट घ्याल तेव्हा खिळ्यांवरून बोट फिरवून पाहा, धार नको. टॅकल सुरू झालं की दातांचं कवच मात्र हवंच. गरम पाण्यात मऊ करून मुलाच्या दातांवर बसवायचं असतं ते. एकदा बसलं की परत गरम पाण्यानं धुऊ नका, आकार बिघडतो. गार पाणी, जुना ब्रश आणि हवेशीर डबी. कानातलं, बांगडी, साखळी, घड्याळ घरी काढून ठेवा. नखं कापा. केसांची घट्ट वेणी घाला, टोकदार क्लिपा नकोत.

सरावाआधी दीड-दोन तास पोहे, उपमा किंवा तूप-गूळ-पोळी. निघताना एक केळं. नंतर शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं किंवा मोड आलेली उसळ, आणि ताक किंवा लिंबाचं सरबत मीठ-साखर घालून. बाजारातली रंगीत पेयं नकोत, घरचं सरबत कितीतरी बरं.

आता कपड्यांचा चिखल. ओल्या चिखलाला ब्रश लावू नका, डाग आत शिरतो. आधी चिखल वाळू द्या, मग झटकून काढा, मग गार पाण्यात दोन पाण्यांनी खळबळा आणि त्यानंतरच साबणाच्या पाण्यात भिजवा. रक्ताचा डाग असेल तर गार पाणीच, गरम नको. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत ओल ओढली जाते. आणि हे सारं मुलानंच करायचं बरं का! खेळायची हौस त्याची, धुवायची आपली, असं नाही चालायचं. आमच्याकडं नियम आहे, जो खेळेल तो बादली भरेल.

सामना संपल्यावर

मला या खेळात सर्वांत आवडलं ते शिट्टी वाजल्यानंतरचं. पंचांशी फक्त कर्णधारानं बोलायचं, तेही अदबीनं. हुज्जत घातली तर शिक्षा. सामना संपला की एका संघानं दोन रांगा करून मध्ये वाट ठेवायची आणि टाळ्या वाजवत दुसऱ्या संघाला त्यातून जाऊ द्यायचं. मग हरलेल्यांनी जिंकलेल्यांसाठी, जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी. त्यानंतर दोन्ही संघ एकत्र बसून खातात. ज्यानं आपल्याला दहा मिनिटांपूर्वी चिखलात लोळवलं, त्याच्याच हातातून बिस्किट घ्यायचं! घरात दोन भावंडांना हे शिकवता शिकवता आपले घसे सुकतात की नाही?

आपणही मैदानाच्या कडेला उभं राहताना एक पथ्य पाळू या. "पाड त्याला", "काय हे, एवढंही जमत नाही?" असं ओरडायचं नाही. घरी येताना आधी "जिंकलात का?" विचारण्याऐवजी "मजा आली का?" विचारावं. बाकीचं मूल आपणहून सांगतं.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं म्हणणं थोडक्यात असं. टॅग रग्बीला मुलगा असो वा मुलगी, बिनघोर पाठवा. टॅकलला मात्र डोळे उघडे ठेवून, प्रश्न विचारून, मैदान पाहून मगच सही करा, आणि मन घेत नसेल तर सही न करण्यात कमीपणा मानू नका. पण "नाही" म्हणायचं असेल तर ते पाहून आल्यावर म्हणा, न पाहता नको. आपल्या भीतीलाही एकदा मैदान दाखवायला हवं.

तुमच्या गावात असा क्लब नसेल तर शाळेच्या खेळाच्या सरांना विचारा, चार आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा. तोवर जुन्या साडीचे काठ आहेतच! खेळ लावून पाहिलात तर कसा रंगला ते मला जरूर कळवा. आणि हो, चिखलाचे कपडे काढायची याहून चांगली युक्ती कुणाकडं असेल तर तीही लिहा, सर्वांच्याच उपयोगी पडेल.